मॅडमचा पाव फेरा

पहिल्याच दिवशी मॅडमनी माझं घड्याळ उतरवून घेतलं. मग कमरेचा पट्टा, मग खिशातल्या किल्ल्या. त्यांच्या गळ्यात दोऱ्याला बांधलेलं एक छोटं होकायंत्र असायचं. ते त्यांनी माझ्या छातीपासून पायापर्यंत हळूहळू खाली नेलं. बुटांपाशी सुई थरथरली.

"खिळे आहेत. उद्या कॅनव्हासचे घालून ये," त्या म्हणाल्या. मग एकदम विचारलं, "प्रामाणिक आहेस का?"

"व्हय, मॅडम."

"तुझ्या बायकोला विचारलं तर काय सांगेल?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या. शेवटी मी म्हणालो, बायको म्हणेल की खोटं बोलत नाय, पण बोलतच नाय. हे त्यांना पटलं असावं, कारण लगेच त्यांनी मला मशीनजवळ नेलं.

मॅडम तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकल शिकवायच्या. ती नोकरी सोडून त्यांनी वाळूजच्या एमआयडीसीत भावाची रिकामी पडलेली शेड मागून घेतली होती. शेडमध्ये लोखंडात भोकं कोरायचं एक जुनं बोरिंग मशीन, मॅडम, चाचा आणि मी. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, पडेगावकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. चाचा मशीन चालवायचे. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिक्स्चरच्या पकडीत बसवण्यात शहरात आपला हात कुणी धरत नाही, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. "मेरा हात म्हणजे सोनाराचा काटा है," म्हणायचे आणि पंजा उघडून दाखवायचे. आपण दाद देईपर्यंत पंजा मिटायचा नाही.

मॅडमना गोल नसलेलं भोक पाडायचं होतं. ऐकायला वेडेपणा वाटतो, मलाही वाटला होता. इंजिनाच्या पिस्टनमध्ये एक आडवी पिन असते, तिच्यासाठी पिस्टनला भोक असतं. इंजिनात भडका उडाला की दणका त्या पिनेवर येतो आणि ती किंचित चपटी होते, बाजूला फुगते. भोक अगदी गोल असेल तर ते तिला आवळून धरतं. बाजूला केसाच्या जाडीपेक्षाही खूप कमी अशी जागा मिळाली, तर पिन सुखानं राहते. म्हणजे भोक जरासं आडवं लंबगोल हवं. पण फिरणारं हत्यार गोलच कापणार.

मॅडमचा उपाय असा की हत्यार ज्या दांड्याला बसवलंय त्या दांड्याभोवती चार चुंबकं लावायची, विजेवर चालणारी. दांडा फिरत असताना एका फेऱ्यात दोनदा त्याला किंचित ओढायचं, दोनदा सोडायचं. हात लावायचा नाही. लोखंडाला लोखंड शिवणार नाही आणि भोक हवं त्या आकाराचं होईल.

"गोल भोक ही मशीनची सोय आहे. पिनेला कुणी विचारलंय?" हे त्या इतक्यांदा म्हणायच्या, की चाचांनी जेवणाच्या डब्यातली भाकरी दाखवून विचारलं होतं, "मॅडम, ये गोल है, खाऊं की नक्को?"

"तुमच्या सूनबाईंची आहे ना? मग गोल नाही," मॅडम म्हणाल्या आणि खरंच पट्टी लावून मोजली. मग पाव फेरा फिरवून परत मोजली.

हा पाव फेरा त्यांच्या हाडात होता. कुठलंही माप एका बाजूनं घेतलं तर ते माप नव्हेच. वस्तू पाव फेरा फिरवायची, परत मोजायचं, मगच बोलायचं. चहा आला की कप बशीत पाव फेरा फिरवल्याशिवाय त्या तोंडाला लावत नसत. भांडण झालं तर आपलं ऐकून घेत आणि तेच दुसऱ्याच्या बाजूनं आपल्याला बोलून दाखवत. तेही इतकं चोख, की आपण आपल्यावरच चिडावं. सुती साडीला त्या सेफ्टी पिन लावत नसत, लोखंडाची म्हणून. पदर दोऱ्यानं टाचलेला असे आणि खाली कॅनव्हासचे बूट.

झिजलेली भोकं गोळा करण्याचा त्यांना नाद होता. भंगारवाल्यांकडून जुने बुश म्हणजे दांडा फिरतो त्या कड्या, बिजागऱ्या, कडीकोयंडे आणायच्या आणि कोणतं भोक कोणत्या बाजूला झिजलंय ते बोटानं चाचपत बसायच्या. एकदा मी त्यांना स्कूटरवरून क्रांती चौकातून नेत होतो. त्यांनी मागून खांद्यावर थाप मारली. मला वाटलं काही पडलं. त्या उतरून थेट रसवंतीवाल्याकडे गेल्या.

"तुमचा चरक आवाज करतोय. बुश झिजलाय. तो मला द्या, मी नवा करून देते."

रसवंतीवाल्याला वाटलं महापालिकेच्या बाई आल्या. "मॅडम, लायसन हाय आपल्याकडं," तो म्हणाला आणि गल्ल्यातून कागद काढायला लागला. मॅडम तोवर खाली बसून चरकाला हात घालत होत्या. दुसऱ्या दिवशी तो बुश शेडच्या कपाटात होता आणि रसवंतीवाल्याकडे नवा, मॅडमनी स्वतः बसवलेला.

सुटीच्या दिवशी त्यांनी आम्हाला वेरूळला नेलं होतं. सगळी दुनिया मान वर करून लेणं बघत होती, मॅडम उंबऱ्यापाशी उकिडव्या बसल्या होत्या. दगडात एक खळगा होता. कधीकाळी तिथं लाकडी दार असणार आणि त्याचा खुंट ह्या खळग्यात फिरत असणार. त्यांनी माझं बोट धरून त्यात घातलं. खळगा गोल नव्हता, एका अंगाला ओढल्यासारखा होता.

"कारागिरानं गोलच केला असेल," त्या म्हणाल्या. "दारानं आपल्याला हवा तसा करून घेतला. किती पिढ्या लागल्या असतील. मला तो पहिल्या दिवशी द्यायचाय."

चाचा मागून म्हणाले, "दरवाजा तो गया ना मॅडम. खाली छेद रह गया."

"भोक राहिलं म्हणून तर कळलं, चाचा."

एवढं मी हसतखेळत सांगतोय, कारण पुढचं सांगायला जड जातंय. मी ते कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ अर्धं बोललो, तेही वळवून.

चुंबकं काम करत नव्हती. म्हणजे ओढत होती, पण उशिरा. मशीन सावकाश फिरवलं तर भोक थोडंफार लंबगोल व्हायचं. नेहमीच्या वेगावर नेलं की ओढ पोचेपर्यंत हत्यार पुढे निघून गेलेलं असायचं. भोक धड गोल नाही, धड लंबगोल नाही. मॅडम चुंबकांवरच्या तारेच्या गुंडाळ्या बदलत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. त्यांच्या बोटांना वार्निशचा वास कायम असे. निराश झालेलं मी त्यांना पाहिलं नाही. बिघडलेला जॉब त्या फेकत नसत, खिडकीत मांडून ठेवत आणि येता-जाता त्याच्याकडे बघत.

अशात भावानं सांगितलं की शेड खोके बनवणाऱ्या एका पार्टीला द्यायचीय. मॅडमनी मुदत मागितली. एका पिस्टन कंपनीचा इन्स्पेक्टर नमुना बघायला यायचा होता. त्यानं नमुना पास केला तर शेड मॅडमकडे राहणार, नाही तर मशीन उचलायचं. भाऊ एवढं बोलून गेला. जाताना खिडकीतल्या बिघडलेल्या पिस्टनांकडे बघून म्हणाला, "ताई, हे तरी भंगारात घाल."

इन्स्पेक्टर आला तो शुक्रवार होता. चाचांनी सकाळीच जॉब बसवला. आमच्या फिक्स्चरला दोन बाजूंनी दोन स्क्रू होते. ते आवळायचे नसत, फक्त टेकवायचे. पिस्टन ॲल्युमिनियमचा. बाजूनं दाबला तर किंचित चेपतो. चेपलेल्या पिस्टनात गोल भोक पाडलं आणि मग स्क्रू सोडले, तर पिस्टन परत फुगतो आणि भोक आपोआप बाजूला लांबट होतं. प्रत्येक नवशिक्याच्या हातून होणारी ही चूक. चाचांच्या हातून ती होत नव्हती. म्हणून तर त्यांचा हात सोनाराचा काटा.

चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले. मॅडम इन्स्पेक्टरला घ्यायला गेटवर गेल्या. शेडमध्ये मी एकटा होतो आणि स्क्रूची किल्ली मशीनवरच पडली होती. मी दोन्ही स्क्रूंना पाव पाव फेरा दिला.

मॅडमची दया आली म्हणून दिला, असं मी बायकोला सांगत आलो. ते खरं नाही. मला हरलेल्या शेडमधला माणूस व्हायचं नव्हतं. गावाकडं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आपण नवीन कायतरी करतोय.

चाचा परतले, इन्स्पेक्टर आला, मशीन चाललं. मी भोकात मोजायचा गेज घातला. आडवं जास्त, उभं कमी, हवं होतं तेवढंच. इन्स्पेक्टरनं स्वतः मोजलं आणि मान हलवली. "ट्रायलचा लॉट द्या," म्हणाला. चाचांनी पंजा उघडून त्याला दाखवला.

चहा आला. मॅडमनी कप उचलला आणि सरळ प्यायल्या, न फिरवता. ते मी पाहिलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. इन्स्पेक्टरची गाडी अजून गेटबाहेर पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मॅडम नेहमीच्या मॅडम होत्या. चुंबकांनी कोणत्या दिशेला ओढायचं ते ठरवणारा एक नॉब पॅनलवर होता. तो त्यांनी पाव फेरा फिरवला. आता भोक आडव्याऐवजी उभं लांबट यायला पाहिजे. फिक्स्चर आदल्या दिवशीसारखंच ठेवायला त्यांनी सांगितलं. चाचांनी स्क्रूच्या खुणा बघून, काल होते तिथंवर स्क्रू आणले. मनात म्हटलं असेल, काल इथंवर टेकवले होते, आजही इथंच.

भोक पडलं. मी गेज घातला. आडवंच होतं.

मॅडमनी गेज माझ्या हातातून घेतला. स्वतः मोजलं, फिरवून मोजलं. मग पिस्टन उजेडात नेला. बाजूला, स्क्रू लागतात तिथं, दोन चकचकीत ठिपके होते. त्यांवर त्यांनी अंगठा ठेवला.

"चाचा, परवा स्क्रू तुम्हीच टेकवले ना?" मग स्वतःलाच दुरुस्त केलं. "काल. काल तुम्हीच ना?"

"हौ, मॅडम." चाचांनी ठिपके बघितले. मग आपल्या हाताकडे बघितलं. "जास्ती कस गया होंगा. समझाच नै मेरेकू."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी रिकामा हात पुसत होतो, एका फडक्यानं, पुन्हा पुन्हा.

"हं," त्या म्हणाल्या. फोन उचलला आणि इन्स्पेक्टरला सांगितलं, "कालचा नमुना माझ्या चुंबकांनी केलेला नाही. तो क्लॅम्पच्या स्क्रूंनी केलाय. ट्रायल थांबवा." पलीकडचा माणूस बहुधा म्हणाला, की क्लॅम्पनं तर क्लॅम्पनं, भोक बरोबर आहे ना. कारण मॅडम म्हणाल्या, "ते उद्या बरोबर येणार नाही. काल दाबलं होतं म्हणून आलं." आणि फोन ठेवला.

शेड गेली. मशीन ट्रकवर चढवताना चाचा हात मागे बांधून उभे होते. मॅडम त्यांना म्हणाल्या, "चाचा, तुमचा हात ठीक आहे."

"आपका दिल बडा है मॅडम," चाचा म्हणाले. "हात गया मेरा."

मी दोघांच्या मधे उभा होतो, हेही सांगून टाकतो. त्यानंतर मी एका मोठ्या कारखान्यात तपासणीला लागलो. दिवसभर दुसऱ्यांनी पाडलेली भोकं मोजायची आणि चुकलेली बाजूला काढायची. लई कडक माणूस म्हणून माझं नाव झालं. चाचांनी मशीनला परत हात लावला नाही, एवढं कानावर यायचं.

मॅडमनी मशीन पडेगावला, आपल्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत नेलं. त्या रस्त्यानं मी गावी जायचो. खोलीचं दार उघडं दिसायचं. मी गाडी हळू करायचो आणि पुढं जायचो. अशी सात-आठ वर्षं गेली.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. ना कसा आहेस, ना काय करतोस. "रविवारी सकाळी ये. घड्याळ घालू नकोस."

गेलो. केस पांढरे झालेले, होकायंत्र तेच. खोलीत खुर्चीवर चाचा बसले होते. मॅडमनी त्यांना रिक्षा पाठवून आणवलं होतं. दोन्ही हात मांडीखाली धरून ते बसले होते, थंडीत बसतात तसे, आणि थंडी तर नव्हती.

मॅडमनी आधी दांडा दाखवला. आत्तापर्यंत तो अखंड पोलादाचा असायचा. आता चुंबकांसमोरच्या भागावर जुन्या मोटारींमधल्या पातळ पत्र्यांच्या चकत्या एकावर एक घट्ट बसवल्या होत्या. "अखंड लोखंडात ओढ मुरायला वेळ लागतो," त्या म्हणाल्या. "म्हणून उशीर व्हायचा. पातळ पातळ केलं की अडत नाही. मला हे ट्रान्सफॉर्मर शिकवताना ठाऊक होतं. इथं सुचायला इतका वेळ लागला."

मग किल्ली चाचांपुढे धरली. "चाचा, जॉब बसवा."

"नक्को मॅडम. नया माल है, बिगड जायेगा." हात मांडीखालून निघाला नाही.

"बरं." मॅडम माझ्याकडे वळल्या. "मग तू टेकव."

किल्ली माझ्या हातात आली. मी पिस्टन बसवला. पहिल्या स्क्रूला किल्ली लावली आणि हात पुढं जाईना. स्क्रू टेकला की नाही, हे मला कळतच नव्हतं. मी खाली बघूनच बोललो.

"चाचा, त्या शुक्रवारी तुम्ही नमाजाला गेला होता. तेव्हा स्क्रू मी आवळले. तुमचं बरोबर होतं."

पत्र्यावर कावळा उतरल्याचा आवाज आला. मी मॅडमकडे बघितलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"वाटत होतं. मोजलेलं नव्हतं."

"मग मला विचारलं का नाही?"

"चाचांना विचारलं तेव्हा तू तिथंच होतास की."

चाचा खुर्चीवरून उठले. मला वाटलं, निघाले. ते माझ्यापाशी आले, अगदी जवळ, आणि हळू आवाजात बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"घरमें मेरेकू बरनी का ढक्कन खोलने नै देते. मालूम है? मैंच बोला उन्को, मेरा हात गया करके. बहू बोलती, अब्बा, रहने दो, तुम तोड देते. इत्ते साल." त्यांनी हात पुढं केला. "हट. तेरेकू टेकाना आताच नै."

किल्ली त्यांनी घेतली. उजव्या पंज्याची बोटं एकदा उघडली, मिटली. पहिला स्क्रू, दुसरा स्क्रू. किल्ली फिरली असं वाटलंच नाही. थांबली एवढं दिसलं.

मॅडमनी मशीन सुरू केलं. पहिला पिस्टन निघाला. मी मोजला, भोक आडवं लांबट. ठिपके नव्हते. दुसरा पिस्टन चाचांनी बसवला आणि मॅडम मला म्हणाल्या, "नॉब तू फिरव."

मी पाव फेरा फिरवला. भोक पडलं. गेज आडवा धरला, मग उभा धरला. मग चाचांना दिला, त्यांनी डोळे बारीक करून काटा बघितला आणि मॅडमना दिला. भोक वळलं होतं. उभं लांबट, जिथं सांगितलं तिथं.

मॅडमनी दोन्ही पिस्टन खिडकीत ठेवले, बिघडलेल्यांच्या रांगेतच. घरातून चहा आणला. बशीत कप पाव फेरा फिरवला आणि मग प्यायल्या. "उद्या वेग वाढवून बघू," म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तू एकाच बाजूनं सांगितलंस."

मला समजलं, चाचांच्या घरी अजून चाचांचाच हात चुकलेला होता. चाचांना मी माझ्या गाडीवरून घरी नेलं. घरात त्यांची सून होती, मुलगा होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. शुक्रवार, किल्ली, पाव फेरा. मुलाच्या तोंडाकडं बघून सांगितलं. त्यानं मला बसायला सांगितलं नाही, आणि ते योग्यच होतं.

"बहू," चाचा म्हणाले, "लोणचे की बरनी ला."

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं, मग आणली. चाचांनी झाकण उघडलं. एक फोड काढून पोळीच्या तुकड्यावर ठेवली, तुकडा माझ्या हातात दिला. झाकण परत फिरवून नुसतं टेकवलं आणि बरणी सुनेपुढे सरकवली.

"खोल."

तिनं दोन्ही हातांनी बरणी धरली, जोर लावायला. एका बोटानंच झाकण फिरलं.